आईच्या बोटाखालची बेल

"आता दाब," मी आईला म्हणाले आणि खिडकीतून तात्यांकडे बघितलं.

आईच्या उजव्या हाताची तर्जनी तेवढी अजून तिचं ऐकत होती. तीही पूर्ण नाही. टेकवलेल्या जागेवरून थोडीशी खाली जायची, एवढंच. बाजारातल्या बेलचं बटण तेवढ्या जोरानं दाबलं जात नव्हतं, म्हणून मी जुन्या माऊसमधला हलका खटका काढून तिच्या बोटाखाली बसवला होता. खटक्याची वायर उशाशी ठेवलेल्या डबीत जायची. डबीत एक बॅटरी, एक छोटा बोर्ड आणि काडेपेटीहून लहान असं रेडिओ मॉड्यूल. तशीच दुसरी डबी माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या कमरेला होती आणि तात्या आमच्या नर्सरीच्या पार टोकाला, आंब्याच्या कलमांपाशी उभे होते.

आईनं बोट खाली नेलं. लांबून बेल ऐकू आली. तात्यांनी हात वर केला.

"परत."

परत वाजली. तिसऱ्यांदा खटका बोटाखाली टिक करून वाजला, पण तात्या तसेच हात कमरेवर ठेवून उभे राहिले. चौथ्यांदाही काही नाही. मग मी डबीची बॅटरी काढून पुन्हा लावली, तेव्हा एकदा वाजली आणि पुन्हा मुकी झाली.

आईचे डोळे भिंतीकडे वळले. तिथं तिच्या शाळेतला मुळाक्षरांचा तक्ता लावलेला होता. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिचा आवाज पटांगणाच्या पलीकडे रस्त्यावर ऐकू जायचा. त्या आवाजातलं आता काही राहिलं नव्हतं, म्हणून आम्ही तक्त्यावर बोट फिरवायचो आणि हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. काना-मात्रा आम्ही आमच्या मनानं लावायचो.

मी बोट फिरवत गेले. न. प. स.

"नापास?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा हलायचा थांबला होता, पण ती हसतेय हे डोळ्यांवरून कळायचं.

आईचा आजार मज्जातंतूंचा होता. आधी तिच्या हातातून खडू पडायला लागला, मग पाय गेले, मग बोलणं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांगितलं होतं. एकेक स्नायू जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. आणि एक दिवस श्वास घ्यायचे स्नायूही थकतील.

आमचं घर कोरेगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. पुढं घर आणि मागं नर्सरी. मी साताऱ्याला वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीला होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि घरी माझ्या टेबलावर सतत काहीतरी जोडाजोड चालू असायची. सकाळी सिंधूमावशी येऊन आईला अंघोळ घालून, भरवून जायच्या. त्यानंतर मी येईपर्यंत घरात आई आणि तात्या दोघंच. तात्या दर थोड्या वेळानं हातातलं काम टाकून आईला बघून जायचे. पण मधल्या वेळात तिच्या नाकावर माशी बसली तरी ती कुणाला सांगू शकत नव्हती. एकदा तिची मान उशीवरून घसरली आणि तात्या येईपर्यंत ती तशीच वाकडी पडून राहिली. त्या दिवशी मी बेल करायला घेतली.

टेबलावर ती कधीच चुकायची नाही. कॉम्प्युटरला जोडून मी शंभर वेळा वाजवून बघितली असेल. पण बॅटरीवर लावून आईच्या उशाशी नेली की दोन-चार वेळा वाजायची आणि गप्प व्हायची. मीटर लावला तर व्होल्टेज बरोबर दिसायचं. मॉड्यूल बदललं, सोल्डरिंग पुन्हा केलं, प्रोग्रॅम सगळा नव्यानं लिहिला. आईचा निकाल तोच. न, प, स.

शेवटी मी ती डबी जेवणाच्या पिशवीत घालून कंपनीत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्या स्कोपला जोडली. मीटरचा काटा जे बघू शकत नाही ते स्कोपच्या पडद्यावर दिसतं. व्होल्टेजची रेघ सरळ चालली होती. मी खटका दाबला, आणि मॉड्यूलनं संदेश सोडला त्याच क्षणी रेघ एकदम खाली आदळली आणि लगेच वर आली. डोळ्यांना दिसेपर्यंत सगळं संपलेलंही होतं.

संध्याकाळी मी आईच्या शेजारी बसून तिला ते समजावलं. शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाली की आपला दिवा कसा क्षणभर बारीक होतो, तसं आहे, म्हटलं. हे मॉड्यूल एरवी थेंब थेंब वीज पितं, पण हाक मारायची वेळ आली की एका घोटात खूप मागतं. बोर्डातून तेवढी मिळत नाही. मग त्याला भोवळ येते आणि ते तसंच पडून राहतं.

आईनं डोळे तक्त्याकडे नेले. म. झ. स. र. ख.

"माझ्यासारखं," मी म्हणाले.

उपाय सोपा होता. मॉड्यूलला वीज पुरवायला त्याचा स्वतःचा रेग्युलेटर दिला आणि त्याच्या पायांना अगदी चिकटून एक कपॅसिटर जोडला. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. एरवी भरलेली राहते आणि घोट मागितला की तिथल्या तिथं देते. पुन्हा स्कोपवर लावून बघितलं, रेघ हललीसुद्धा नाही.

त्या रविवारी आईनं सकाळपासून दुपारपर्यंत बेल वाजवली. तात्या नर्सरीभर फिरले. शेडनेटमध्ये, पाण्याच्या टाकीमागं, अगदी रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन उभे राहिले. एकदाही चुकली नाही. आईनं तक्त्यावर "पास" म्हटलं, तेव्हा तात्यांनी खरंच पेढे आणले. आईच्या ओठाला नुसता लावला, कारण तोवर तिला पातळ पेजेखेरीज काही गिळता येत नव्हतं.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात बरे गेले. आई नाक खाजलं म्हणून वाजवायची, खिडकीचा पडदा सरकव म्हणून वाजवायची, बाहेर गिऱ्हाईक कोण आलंय ते कळावं म्हणून वाजवायची. तात्या मातीचे हात पुसत आत यायचे. मला संध्याकाळी तक्रारीच्या सुरात सांगायचे की आज तुझ्या आईनं मला एक पिशवी भरू दिली नाही. पण ते सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं मला एवढ्या हाका कधी मारल्या नव्हत्या, असं ते एकदा म्हणाले.

मग पावसाळ्याच्या शेवटी तिचा श्वास अपुरा पडायला लागला. साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता ठरवायला हवं. गळ्याला छेद देऊन नळी घालता येईल आणि घरी श्वासाचं मशीन लावता येईल. तिचं आयुष्य वाढेल, किती ते सांगता येत नाही. मशीन लागलं की ते मग कायमचं. नाहीतर असंच घरी ठेवा, आणि दम लागला की ताबडतोब फोन करून घेऊन या, इथं आणल्यावर नळी घालता येईल.

यशवंतमामा त्या दिवशी फलटणहून आले होते. आईचा धाकटा भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा आईनं नोकरी करून त्यांचं शिक्षण केलेलं. ते आईला अक्का म्हणायचे आणि तिच्यापुढं पन्नाशीतही लहान मुलासारखे बसायचे. मामांचं म्हणणं एकच होतं, नळी आजच घाला. माझंही तेच होतं.

आम्ही आईला विचारलं. मी तक्ता धरला होता. "आई, घालायची ना नळी? अजून पुष्कळ दिवस मिळतील गं."

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग ब, घ.

"बघू," मामा म्हणाले. "बघू म्हणजे हो. दाजी, दम लागला की एक मिनिट घालवायचं नाही. सरळ दवाखान्याची गाडी बोलवायची."

तात्यांनी मान हलवली. आम्ही तिला घरी आणलं. त्या रात्री आणि पुढं रोज, मी बेलची बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना ते बघूनच झोपायचे.

तात्यांचा फोन आला तेव्हा मी कंपनीत काट्यांची तपासणी करत होते. ते म्हणाले, "जुई, ये घरी." आणखी काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभी राहिले होते हे मला आठवतं.

आईला तोवर कोऱ्या चादरीवर नीट झोपवलेलं होतं. केस विंचरलेले होते. शेजारच्या बायका जमल्या होत्या. तात्या तिच्या डोक्याशी खाली जमिनीवर बसले होते. मामा माझ्यानंतर थोड्याच वेळात पोचले. त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं, मग उठून तात्यांसमोर उभे राहिले.

"दाजी, दम लागला होता का तिला?"

तात्यांनी आईच्या चादरीची कड सारखी केली.

"फोन का नाही केला? बेल होती ना? वाजवली असेल ना तिनं?"

तात्यांनी वर बघितलं नाही. "वाजली नाही," ते म्हणाले. "मी बघायला आलो, तेव्हा संपलं होतं."

मी पलंगाकडे बघितलं. आईची तर्जनी खटक्यावरून काढून कुणीतरी तिचे दोन्ही हात छातीवर ठेवले होते. उशाशी डबी तशीच होती आणि तिच्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता.

पुढच्या दिवसांतलं मला थोडंच आठवतं. लोक यायचे, बसायचे, जायचे. मामा चार दिवस राहिले आणि त्या चार दिवसांत तात्यांशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. आईला श्वास मिळत नव्हता, तिनं तिच्या त्या बोटातली सगळी ताकद लावून खटका दाबला, पुन्हा दाबला, आणि तात्या हाकेच्या अंतरावर माती भरत उभे होते. हे चित्र मी जेवताना, झोपताना, अंघोळ करताना बघत होते. मॉड्यूलला भोवळ आली असणार. टाकी अपुरी पडली असणार. मी आणखी मोठी घालायला हवी होती.

मामा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी उघडली. बॅटरी जवळजवळ भरलेली होती. एकही टाका सुटलेला नव्हता. मी बोर्डात असा प्रोग्रॅम भरला की खटका न दाबता बेल आपोआप थोड्या थोड्या वेळानं वाजत राहील, आणि आईच्या रिकाम्या पलंगावर डबी तिच्या जागी ठेवली. दुसरी डबी नेऊन शेडमध्ये खांबाला अडकवली. मग पायरीवर बसून ऐकत राहिले.

बेल वाजत होती. मी वाट बघत होते ती चुकण्याची. दोष सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. बरं हा शब्द चुकीचा आहे, पण निदान तो दोष हातात धरता आला असता. दुपारी मी मुद्दाम कपॅसिटर काढून बघितला. लगेच मुकी झाली. परत जोडला, तशी पुन्हा वाजायला लागली. बॅटरी अर्धी रिकामी करून लावली, तरी वाजली. घरातला पंखा, मिक्सर, विहिरीवरची मोटर सगळं एकदम चालू करून बघितलं. तरी वाजली. दुसरा दिवसही तसाच गेला.

तात्या त्या शेडमध्येच बसलेले असायचे. घरात भेटायला येणारी माणसं त्यांना नको होती. ते तिथं आहेत आणि ती बेल त्यांच्या डोक्यावरच्या खांबाला लटकतेय, हे मला दिसत होतं आणि तरीही माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधी ते डबी हातात घेऊन घरात आले. मी आईच्या पलंगापाशी खाली बसले होते. त्यांच्या हातात ती वाजली, तसा त्यांचा हात एवढा हलला की डबी पडणार होती.

"बंद कर हे," ते म्हणाले.

"थोडं थांबा तात्या. कधीतरी चुकेल, तेव्हाच कळेल ना काय झालं ते."

"जुई, हिच्यात दोष नाही."

"असणारच. त्या दिवशी वाजली नाही ना."

तात्या पलंगाच्या कडेवर बसले. आई गेल्यापासून ते त्या पलंगावर पहिल्यांदाच बसत होते.

"वाजली होती," ते म्हणाले.

मी वायर ओढून डबीचा दिवा घालवला. घर एकदम शांत झालं. मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून सांगितलं.

साताऱ्याहून आणल्यावर दोन दिवसांनी, मी कामावर असताना, आईनं बेल वाजवून त्यांना बोलावलं होतं आणि डोळ्यांनी तक्ता दाखवला होता. ती सगळी दुपार त्यांची त्यात गेली. ती दमायची, डोळे मिटून पडायची, आणि पुन्हा सुरू करायची. तिचं म्हणणं होतं, नळी नको. मशीन नको. दम लागला तरी कुठं न्यायचं नाही. तात्यांनी नाही म्हणून बघितलं. रागावून बघितलं. रडून बघितलं. शेवटी तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला सांगायचं नाही, असं म्हणाली. जुई रडेल आणि मग मला हो म्हणावं लागेल, म्हणाली."

त्या दिवशी सिंधूमावशी गेल्यावर तात्या शेडमध्ये पिशव्या भरत होते. बेल वाजली. ते नेहमीसारखे हात पुसत आले. आईचे ओठ निळे पडले होते. त्यांनी तिला पाठीला उशा देऊन उठवून बसवलं, मान सावरून धरली. मग खिडकीतल्या फोनकडे वळले.

"कबूल केलं होतं, पण ते समोर बघवेना मला," तात्या म्हणाले. "फोन घ्यायला हात पुढं केला, तर माझ्या कमरेला बेल वाजली. मी मागं बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, काहीतरी हवंय. जवळ गेलो, तशी थांबली. पुन्हा फोनकडे गेलो. पुन्हा वाजवली. मी नंबर लावायला लागलो, तर वाजवतच राहिली. बोट उचलायची ताकद नव्हती तिच्यात, जुई. तरी वाजवत राहिली."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. नखांत माती होती.

"मी फोन ठेवला, तेव्हा थांबली. मग मी तिच्याजवळ बसलो. हात धरला. त्यानंतर तिनं बेल वाजवली नाही."

बाहेर कुणीतरी रोपं आहेत का म्हणून हाक मारत होतं. आम्ही दोघांपैकी कुणीच उठलं नाही. थोड्या वेळानं तो माणूस निघून गेला.

"मला का नाही बोलावलंत?" मी विचारलं. "शेवटचं बघता तरी आलं असतं."

तात्या मग हळूच म्हणाले, "तू बसमध्ये बसायच्या आधी गाडीला फोन केला असतास."

मी केला असता. त्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. गाडी आली असती, नळी घातली असती, आणि आई शुद्धीत राहून रोज माझ्याकडे बघत पडून राहिली असती. मी तेव्हा हे सगळं त्यांना बोलून दाखवलं नाही. मी डोकं पलंगावर ठेवलं आणि रडले. तात्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. ते म्हणाले की मामांनी एकदम विचारलं, तेव्हा जे तोंडाला आलं ते बोलून गेलो. तू हे सगळं स्वतःवर घेशील हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तेराव्याला मामा आले. पंगत बसायच्या आधी, सगळे नातेवाईक व्हरांड्यात असताना, त्यांनी इतके दिवस गिळलेलं बोलून टाकलं. त्या दिवशी दवाखान्यातच नळी घातली असती तर अक्का आज असती. नाही घातली तर नाही, पण तिला एकटीला टाकून बागेत काम करत बसायला दाजींचं मन कसं झालं. पोरीनं केलेल्या खेळण्याच्या भरवशावर कुणी माणूस सोडतं का.

तात्यांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मामा ते ऐकून घेण्याच्या स्थितीत नव्हते. तिथं जमलेल्यांपैकी कुणीच नव्हतं. बायकोचा श्वास कोंडत असताना फोन न करता बसून राहिलेला माणूस, एवढंच त्यांना ऐकू गेलं असतं.

"मामा," मी म्हणाले, "बेल मी केली होती. ऐन वेळी तिला करंट पुरला नाही. चूक माझी आहे. तात्यांना काही बोलू नका."

मामांनी माझ्याकडे बघितलं. जेवायला न बसता, पायांत चपला घालून फाटकाबाहेर गेले.

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. माझ्या लग्नाला मामी आल्या, मामा आले नाहीत. दर दिवाळीला तात्या त्यांना फोन लावायचे. पलीकडून कुणी उचलायचं नाही. तात्या मग फोन खाली ठेवून म्हणायचे, कामात असतील. मी दोन-तीनदा म्हणाले, आता सांगून टाकू या. तात्या नको म्हणाले. त्याला राग धरायला कुणीतरी हवंय, राहू दे, म्हणाले.

मागच्या वर्षी तात्या गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. मामा काठी टेकत आले. आता ते पंचाहत्तरीला आलेत. सगळं आटोपून लोक पांगल्यावर ते मला म्हणाले की जरा मागं चल. आम्ही शेडमधल्या बाकावर बसलो. नर्सरी आता आम्ही चालवायला दिली आहे. दोन बायका रोपांना पाणी घालत होत्या.

"जुई, तुझ्यावर राग नाही माझा," मामा म्हणाले. "तू लेकरू होतीस, जीव लावून केलंस. पण एक गोष्ट मला आजवर झोपू देत नाही. अक्कानं किती वेळा वाजवली असेल गं ती बेल? कुणी आलं नाही, तेव्हा काय वाटलं असेल तिला? माझ्यासाठी सगळं केलं तिनं, आणि गेली ती अशी, एकटी."

मी इतकी वर्षं तात्यांचा विचार केला होता. मामा रोज हे चित्र बघत असतील, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी ते चित्र जेमतेम आठवडाभर बघितलं होतं आणि मला ते सहन झालं नव्हतं.

"मामा, ती एकटी नव्हती," मी म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तक्त्यावरच्या त्या दुपारपासून तात्यांनी फोन ठेवला तिथपर्यंत. मामा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. पाणी घालणाऱ्या बायका शेडच्या जवळ आल्या, आम्हाला बघून दुसऱ्या बाजूला गेल्या.

"दाजी जवळ होते?" त्यांनी विचारलं.

"हो. हात धरून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरला. मग त्यांनी घराकडे बघितलं, जिथं ओटीवर तात्यांच्या फोटोला हार घातलेला होता.

"दिवाळीला त्यांचा फोन यायचा," मामा म्हणाले. "मी शेजारीच बसलेला असायचो."